वंचितांसाठी, की वंचितांकडून?

‘आमच्या मंडळीला (चर्चला) वंचितांमध्ये मिशनकार्य सुरू करायचंय. आधी काय वाटावं?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: वाटपापासून सुरुवातच करू नका.

१९१० साली स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या जागतिक मिशन परिषदेत सुमारे १,२०० प्रतिनिधी होते, आशियातले जेमतेम वीसेक. तिथे भारतीय धर्मगुरू व्ही. एस. अझरायांनी पाश्चात्त्य मिशनऱ्यांना सांगितलं की तुम्ही दान दिलंत, जीवही दिलेत, आता आम्हाला मित्र द्या. १९५२ च्या जर्मनीतल्या विलिंगेन मिशन परिषदेपासून विचार पक्का होत गेला की मिशन मुळात देवाचं आहे, मंडळी त्यात सामील होते. पुढचं पाऊल वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या चर्चच्या जागतिक संघटनेने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या निवेदनात दिसतं. कडेला ढकललेल्यांना मध्यभागातून न दिसणारं दिसतं, म्हणून मिशन त्यांच्याकडूनही येतं, असं ते म्हणतं. आम्हाला हा बदल फार मोलाचा वाटतो.

पण मंडळ्या काय करतात? कमिटीवर वंचितांचा एकच प्रतिनिधी घेतात. तो एकटा पडतो, गप्प बसतो, आणि मग ‘त्यांना काही म्हणायचंच नसतं’ असा निष्कर्ष निघतो. निदान तिघं तरी घ्या. बैठकीचे विषय त्यांच्याशी बोलून ठरवा. रोजंदारीवर जाणाऱ्याला कामाच्या वेळेत बोलावलंत तर त्याचा दिवस बुडतो, तेव्हा बैठक संध्याकाळी ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंदाजपत्रक कच्चं असतानाच त्यांच्यापुढे ठेवा. आकडे ठरल्यावर विचारलं तर उरतो फक्त होकार. आणि मदतीला उपासनेच्या हजेरीची अट कधीही घालू नका. अट आली की पोटासाठी आलेल्याचा विश्वास खरा की खोटा, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

वंचितांना फक्त घेणारे समजलं जातं, ते चर्चच्या रॅम्पमध्येही दिसतं. व्हीलचेअरच्या रॅम्पला उंचीच्या बारापट लांबी लागते: ४५ सेंटिमीटर उंचीच्या पायऱ्यांना ५.४ मीटर. जागा कमी म्हणून तो तीन मीटरमध्ये उरकला, तर चढायला दुसऱ्याचे हात लागतात आणि उतरताना खुर्ची सुटते. नीट बांधलेला रॅम्पही बहुतेक ठिकाणी दारापाशीच संपतो. व्यासपीठाच्या पायऱ्या तशाच राहतात, कारण व्हीलचेअरवरचा माणूस ऐकायला येईल एवढंच बांधणाऱ्यांनी धरलेलं असतं. तो उपदेश करायला येईल, हे त्यांच्या मनातही नसतं.