वर्षाला तेरा महिने आणि एक जुनं कार्ड

विमानाच्या नेव्हिगेशन डेटाबेसचं, म्हणजे वाट दाखवणाऱ्या माहितीसाठ्याचं, वर्ष तेरा महिन्यांचं असतं. दर २८ दिवसांनी, गुरुवारी, जगभर एकाच दिवशी नवी सायकल लागू होते. आमच्या बोलीत तिला एअरॅक म्हणतात. वेपॉइंट (हवाई मार्गावरचे ठरलेले बिंदू), रेडिओ फ्रिक्वेन्सी, विमानतळावर उतरायचे मार्ग, काही ना काही बदललेलं असतंच. मी सांभाळते त्या दोन विमानांचे कॉकपिटमधले डिस्प्ले हे सगळं पीसीएमसीआयए कार्डावरून घेतात. कार्ड क्रेडिट कार्डाएवढं, जरा जाड. म्हणजे दुष्काळ नसतानाही तेरावा महिना ठरलेला.

बुधवारी संध्याकाळी कार्ड लिहायचा जुना लॅपटॉप सुरूच होईना. अडीअडचणीला असावा म्हणून आणलेला यूएसबी रीडर काढला. कार्ड सरकवलं, दिवा लागला, पण संगणकावर ड्राइव्ह दिसेना. कार्ड गेलं समजून दुसरं घातलं. तेच. दोन्ही कार्डं एकाच संध्याकाळी कशी मरतील, हा साधा प्रश्न मला अर्ध्या तासाने पडला.

कार्डं धडधाकट होती. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या या कार्डांच्या आत दोन जाती आहेत. एटीए कार्डात स्वतःचा कंट्रोलर असतो, संगणकाला ते हार्ड डिस्कसारखं दिसतं. लिनिअर फ्लॅशमध्ये नुसत्या चिप. ब्लॉक, म्हणजे मेमरीचे कप्पे, पुसणं, लिहिणं, हिशेब ठेवणं, सगळं समोरच्या यंत्राने करायचं. माझा रीडर फक्त पहिली जात ओळखत होता, आणि डिस्प्लेला हवी दुसरी. अडॅप्टरमध्ये कॉम्पॅक्ट फ्लॅश (कॅमेऱ्यात वापरतात तसलं छोटं मेमरी कार्ड) बसवून फसवावं म्हटलं, तर तेही एटीएच. शिवाय काही जुन्या लिनिअर कार्डांना लिहिताना १२ व्होल्ट लागतात, त्यामुळे वाचता येणारं कार्ड लिहिता येईलच असं नाही.

"अगं, भंगाराच्या कपाटात बघ," चीफ म्हणाले. तिथे त्याच मॉडेलचा लॅपटॉप निघाला. मेलेल्याची हार्ड डिस्क त्यात घातली आणि विंडोज एक्सपीचा तो हिरवा डोंगर दिसला. इतका आनंद मला नव्या लॅपटॉपचाही झाला नव्हता.

कार्ड आत सरकवताना किंचित अडलं. हात थांबवला, टॉर्च मारला. ६८ पिनांपैकी एक वाकलेली. पिना कार्डात नसतात, स्लॉटमध्ये असतात. कार्डात नुसती भोकं. लॅपटॉपची पिन बारीक चिमट्याने सरळ केली, पण हेच डिस्प्लेत झालं असतं तर अख्खं युनिट दुरुस्तीला. लोक विचारतात, सारखं लिहून कार्ड झिजत नाही का? असा एकेक ब्लॉक लाखभर वेळा पुसता येतो आणि आम्ही वर्षाला तेरा वेळा पुसतो. जपायचा तो स्लॉट. म्हणून कार्ड तिरकं घालायचं नाही, भोकात कचरा नाही ना ते बघायचं, आणि पूर्ण आत दाबायचं. कार्ड आलंय हे कळवणाऱ्या पिना सगळ्यांत आखूड, अर्धवट बसलेलं कार्ड डिस्प्लेच्या लेखी नसतंच.

लिहून झाल्यावर व्हेरिफाय केलं, म्हणजे सगळं बरोबर लिहिलं गेलंय ना ते तपासलं. ही पायरी मी कधीच गाळत नाही. पहाटे विमानाला ग्राउंड पॉवर, म्हणजे बाहेरून वीज, लावून कॉकपिटमध्ये बसले. डेटाबेसच्या पानावर नव्या तारखा आल्या. चार वेपॉइंट चार्टशी ताडून पाहिले, लॉगबुकात नोंद केली, मग दुसरं विमान.

त्या हार्ड डिस्कच्या आता दोन प्रती आहेत. आणि कपाटातल्या वरच्या फळीवर मी ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली आहे: हे भंगार नाही.