राजाला मारणाऱ्यांच्या वाटेवर: न्यू हेवनच्या वेस्ट रॉकला जाणाऱ्यांनी आधी हे वाचा

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावाजवळ वेस्ट रॉक नावाचा डोंगर आहे, आणि त्याच्यावरची ‘जजेस केव्ह’ (न्यायाधीशांची गुहा) ही गुहा नाही. हे एक वाक्य कुणी आधी सांगितलं असतं, तर आमचा अर्धा दिवस वाचला असता आणि पुढचा घसाऱ्याचा टप्पा आम्ही उजेडात पार केला असता. गुडघा अजून सुजलेला आहे. बारकावे डोक्यात ताजे आहेत तोवर लिहून टाकतो.

इंग्लंडच्या राजाचा, पहिल्या चार्ल्सचा, शिरच्छेद ३० जानेवारी १६४९ ला झाला. मृत्युदंडाच्या हुकुमावर ५९ न्यायाधीशांच्या सह्या होत्या. पुढे राजाच्या जागी सत्तेवर आलेला क्रॉमवेल गेला, त्याच्या मुलाला राज्य सांभाळता आलं नाही आणि मे १६६० मध्ये मेलेल्या राजाचा मुलगा दुसरा चार्ल्स गादीवर परत आला. मग सह्या करणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. क्रॉमवेलचं प्रेतसुद्धा उकरून फासावर लटकवलं, तिथे जिवंतांची काय कथा. त्यांच्यातले एडवर्ड व्हेली आणि त्याचा जावई विल्यम गॉफ जुलै १६६० मध्ये बोस्टनला उतरले आणि मार्च १६६१ मध्ये न्यू हेवनला पोचले. तिसरा, जॉन डिक्सवेल, मागाहून आला. आम्हाला याच तिघांच्या मागावर जायचं होतं. ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझा आतेभाऊ. दादा पुण्याहून तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे न्यू जर्सीला आला होता. चाळीस वर्षं सह्याद्रीत फिरलेला माणूस, त्यामुळे दमसासाची चिंता नव्हती. वाचणाऱ्यांनाही दिवसाला पंधरा किलोमीटर डोंगर चालता येतो, असं धरूनच पुढचं लिहितो. येत नसेल, तर हा बेत आखू नका.

बोस्टनपासून सुरुवात केली ही पहिली चूक. तिथे एका खासगी वाटाड्याने ‘बोस्टनची क्रांती’ दाखवतो म्हणून माणशी ४५ डॉलर घेतले. मी आधीच विचारून घेतलं होतं की आम्हाला १६८९ ची क्रांती बघायची आहे, १७७६ ची नाही. हो म्हणाला, आणि दोन तास चहाची खोकी आणि पॉल रिव्हिअर यांच्यापलीकडे गेला नाही. खरं तर १८ एप्रिल १६८९ ला या गावाने आपला गव्हर्नर एडमंड अँड्रॉस याला कैद केलं. दुसऱ्या चार्ल्सनंतर गादीवर आलेल्या त्याच्या भावाने, दुसऱ्या जेम्सने, न्यू इंग्लंडमधल्या वसाहतींच्या सनदा गुंडाळून सगळ्यांची एकच मोट बांधली होती आणि तिच्यावर हा माणूस आणून बसवला होता. जेम्सचा जावई विल्यम त्याच्याविरुद्ध फौज घेऊन इंग्लंडमध्ये उतरल्याची आणि जेम्स पळाल्याची बातमी समुद्रापलीकडून आली, आणि काही दिवसांतच हजारो लोक हत्यारं घेऊन रस्त्यावर उतरले. पण अँड्रॉसने जिथे आसरा घेतला, त्या फोर्ट हिलची टेकडीच एकोणिसाव्या शतकात खणून सपाट केली. बघायला उरलंय ते एवढंच: किंग्ज चॅपलची जागा, जी अँड्रॉसने गावाच्या दफनभूमीतून जबरदस्तीने काढून घेतली, आणि ओल्ड स्टेट हाऊस, जे त्या काळच्या टाऊन हाऊसच्या जागेवर उभं आहे. दोन्ही एकमेकांपासून पाच मिनिटांवर. फुकट चालत जा, वाटाड्या घेऊ नका.

दुसरी चूक हॅडली, हे मॅसॅच्युसेट्समधलं आडबाजूचं गाव. व्हेली आणि गॉफ १६६४ पासून तिथल्या पाद्र्याच्या, जॉन रसेलच्या घरात वर्षानुवर्षं लपून होते. व्हेली तिथेच वारला. १६७५ मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांशी झालेल्या लढाईत गावावर हल्ला झाला तेव्हा एक पांढऱ्या दाढीचा अनोळखी म्हातारा कुठूनसा प्रकटला, लोकांना गोळा करून लढला आणि नाहीसा झाला, तो गॉफच होता, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट सुंदर आहे, पण ती छापून आली १७६४ मध्ये, म्हणजे जवळपास नव्वद वर्षांनी. रसेलचं घर आता नाही. गाडी नसेल तर हॅडलीला जाणं अवघड, आणि गाडी असेल तरी मी जा म्हणणार नाही.

हार्टफर्डला मात्र छान अर्धा दिवस गेला. कनेक्टिकटची सनद अँड्रॉसच्या हाती लागू नये म्हणून ज्या ओकच्या ढोलीत लपवली म्हणतात, ते झाड १८५६ च्या वादळात पडलं, पण सनद संग्रहालयात आहे आणि प्रवेश फुकट आहे.

आता न्यू हेवन. स्टेशनच्या बाहेर एका टॅक्सीवाल्याने वेस्ट रॉकच्या पायथ्यापर्यंत ४० डॉलर सांगितले. अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर. घासाघीस करण्यात पाऊण तास घालवला, शेवटी ३० ला गेलो आणि तेही जास्तच झाले. तुम्ही सदर्न कनेक्टिकट युनिव्हर्सिटीकडे जाणारी शहराची बस पकडा आणि तिथून विंटरग्रीन अ‍ॅव्हेन्यूने चालत या. आम्ही नोव्हेंबरच्या मध्यात गेलो. वर जाणारा गाडीरस्ता फाटक लावून बंद होता, त्यामुळे टॅक्सी तशीही वर जाणार नव्हती, हे त्या चालकाला माहीत असणारच. पायथ्याला पोचेपर्यंत बारा वाजून गेले. नोव्हेंबरात तिथे साडेचारला सूर्य मावळतो. हे गणित आम्ही घरी केलं नव्हतं, ते तुम्ही करा.

डांबरी रस्त्याने अर्ध्या तासात वर. दगड पाहून दादा थबकलाच. काळपट, गंज चढल्यासारखा तांबूस, उभ्या भेगांचा. “अरे, हा तर आपला ओळखीचा वाटतोय!” जवळचा नातेवाईक म्हणता येईल. आपला बेसाल्ट लाव्हा बाहेर वाहून थिजला, हा डायबेज जमिनीच्या पोटातच थिजला आणि वय आपल्याहून तिप्पट. दोन्हीकडे त्याला ‘ट्रॅप’च म्हणतात. कोरडा असेल तर पकड उत्तम. हा भरवसाच पुढे नडला.

जजेस केव्ह म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला घराएवढा धोंडा, तो फुटून झालेले चार-पाच तुकडे आणि त्यांच्यामधल्या फटी. मी भाज्यासारखं लेणं नाही, पण निदान कपार असेल असं समजून विजेरी काढून बसलो होतो. आत बसलं की आभाळ दिसतं. पाऊस आला तर भिजाल. १८९६ चा पितळी फलक सांगतो की १५ मे १६६१ पासून काही आठवडे दोघे इथे होते. शेवटची ओळ आहे, ‘जुलमी सत्तेला विरोध हीच देवाची आज्ञा’. दादा त्या फटीत पाठ टेकून बसला आणि बराच वेळ उठेना. व्हेली पन्नाशी ओलांडलेला होता. एके काळी पहिला चार्ल्स राजा हॅम्प्टन कोर्टला त्याच्या पहाऱ्यात कैदेत होता. खाली राहणारा रिचर्ड स्पेरी नावाचा शेतकरी भाकरतुकडा पाठवायचा. रात्री एका जंगली मांजराचे डोळे चमकताना दिसले म्हणून त्यांनी जागा सोडली, असं सांगतात. जागा म्हणून निराशा झाली, हे खरंच. पण दोन सेनापती अशा उघड्या फटीत आठवडेच्या आठवडे बसून होते आणि खालच्या गावातल्या कुणी तोंड उघडलं नाही, हे तिथे बसल्यावरच कळतं.

गावाने काय केलं तेही सांगायला हवं. केलंड आणि कर्क हे राजाचे दोन हस्तक ११ मे ला, शनिवारी, गिलफर्डला पोचले. डेप्युटी गव्हर्नर विल्यम लीटने त्यांचं पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, मग घोडे द्यायला टाळाटाळ केली, मग दुसऱ्या दिवशी रविवार, प्रार्थनेचा दिवस. सोमवारी ते न्यू हेवनला आले तोवर पाखरं उडालेली. पाद्री जॉन डॅव्हनपोर्टने तर आधीच चर्चमध्ये बायबलातला संदेश सांगून ठेवला होता की परागंदा झालेल्यांना लपवा, भटकणाऱ्याला उघडं पाडू नका. याची किंमत न्यू हेवनने मोजली. या वसाहतीकडे राजाची सनद नव्हती, आणि राजाकडे मागायला जायला तोंडही उरलं नव्हतं. १६६२ मध्ये शेजारच्या कनेक्टिकटला सनद मिळाली तिच्यात न्यू हेवनचा मुलूख परस्पर घातला गेला आणि १६६५ च्या सुरुवातीला वसाहत संपली. हे मान्य नसलेली मिल्फर्ड आणि ब्रॅनफर्डची माणसं घरदार उचलून दक्षिणेला गेली आणि १६६६ मध्ये त्यांनी नवं गाव वसवलं. ते गाव म्हणजे नेवार्क. आपण सगळे मुंबईच्या विमानातून जिथे उतरतो तेच. दादाला दोन आठवड्यांपूर्वी मी तिथूनच घरी आणलं होतं. आणि ती मुंबई इंग्रजांकडे आली तीही याच दुसऱ्या चार्ल्सच्या लग्नात, १६६१ च्या तहाने. राजा परत आला, एका गावाचं राज्य गेलं, आपल्याकडे एक बेट हुंड्यात गेलं. हे सगळं मला त्या फटीत बसून पहिल्यांदा एका रेषेत दिसलं, आणि त्या भरात अडीच वाजले.

तिथून पुढे रेजिसाइड्स ट्रेल, म्हणजे राजाला मारणाऱ्यांची पायवाट. निळ्या खुणा, लांबी सुमारे ७ मैल, शेवटी क्विनिपिॲक ट्रेलला मिळते. सगळीकडे ‘मध्यम’ असं लिहिलेलं होतं. मध्यम नाही. महामार्गाचा बोगदा पायाखालून जातो तिथपर्यंत ठीक. पुढे वाट बाल्डविन ड्राइव्हचा डांबरी रस्ता सोडून पश्चिमेच्या कड्याकडे वळते, आणि खाली तलाव दिसायला लागतात. तिथे सुटे, मुठीएवढे ते डोक्याएवढे दगड आहेत आणि त्यांच्यावर ओकच्या पानांचा घोटाभर थर. आपल्याकडचा घसारा निदान दिसतो. हा दिसत नाही. पाय पानांवर पडतो, खालचा दगड फिरतो, डावीकडे कडा. पानांखालचा दगड शेवाळलेला आणि ओला होता, वरचा कोरडा. वरच्यावर विश्वास ठेवून मी खालच्यावर घसरलो आणि गुडघा धारेवर आपटला. पुढच्या साधारण दीड किलोमीटरला आम्हाला एक तास दहा मिनिटं लागली. बसून, हात टेकून, प्रत्येक दगड काठीने चाचपत. चढ-उतार लहान लहान, पण संपतच नाहीत: वीस फूट खाली, तीस फूट वर, परत खाली. अंधारात निळ्या खुणा काळ्या दिसतात. एके ठिकाणी दुहेरी खूण होती. वरची खूण ज्या बाजूला सरकलेली, त्या बाजूला वळायचं असतं. आम्ही उलट्या बाजूला गेलो आणि कड्याच्या तोंडाशी पोचलो. दादाने मागून माझी सॅक धरून ओढली. माझ्यावर तो इतका कधीच ओरडला नव्हता.

वाट परत बाल्डविन ड्राइव्हला टेकली तिथे आम्ही ट्रेल सोडली. हा रस्ता गाड्यांना बंद आहे, सपाट आहे, आणि ट्रेल त्याला अनेकदा ओलांडते. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जजेस केव्ह आणि दक्षिणेच्या टोकावरून बंदर बघा, मग बाल्डविन ड्राइव्हने हवं तेवढं चाला आणि त्याच रस्त्याने परत या. ट्रेल करायचीच असेल तर मे महिन्यात करा, पानं गळण्याआधी, सकाळी आठला सुरू करून. पाण्याच्या दोन बाटल्या, घोट्यापर्यंतचे बूट, विजेरी माणशी एक. पँट मोज्यात खोचा आणि घरी गेल्यावर अंगभर गोचीड तपासा. लाइम रोगाला नाव मिळालं ते याच राज्यातल्या लाइम गावावरून, आणि गोचीड थंडीतही असते. उन्हाळ्यात खडकांवर कॉपरहेड साप असतात, न बघता कपारीत हात घालू नका.

दुसऱ्या दिवशी लंगडत डिक्सवेलकडे गेलो. गावातले तीन मोठे रस्ते, व्हेली, गॉफ आणि डिक्सवेल, ब्रॉडवेपाशी एकत्र येतात. तिथून न्यू हेवन ग्रीन चालत दहा मिनिटं. सेंटर चर्चच्या मागच्या बाजूला जा. वंशजांनी नंतर उभारलेलं मोठं स्मारक आहे, ते बघून परत फिरू नका, मूळ दगड छोटा आहे. डिक्सवेल या गावात जेम्स डेव्हिड्स नावाने राहिला, लग्न केलं, मुलं झाली. दगडावर नावाची फक्त आद्याक्षरं आहेत, जे. डी. मरणाची तारीख १८ मार्च १६८९. बोस्टनने अँड्रॉसला पकडलं ते बरोबर एका महिन्याने. दादाने तारखा बोटांवर मोजल्या, टोपी काढली आणि दगडावर साठलेली पानं हाताने बाजूला केली.