फुगवलेल्या बॉक्सरला हरवलं, तर श्रेय किती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एखादा नावाजलेला बॉक्सर हरला की हा प्रश्न हमखास येतो: "ज्याचा एवढा गवगवा झाला होता, तो तर काहीच निघाला नाही. मग त्याला हरवणाऱ्याचं एवढं कौतुक कशाला?" माझं उत्तर बदललेलं नाही. कौतुक करा, हात आखडता न घेता करा. का, ते सांगायचं तर ४ मार्च २००६च्या मँचेस्टरच्या लढतीपासून सुरुवात करावी लागेल.

जो कालझागी हा वेल्सचा डावखुरा बॉक्सर. १९९७पासून सुपर मिडलवेट गटाचा एक जगज्जेता (बॉक्सिंगमध्ये संघटना अनेक, म्हणून एकाच गटात जगज्जेतेही अनेक), चाळीस लढती आणि हार एकही नाही. तरी अमेरिकेत त्याला फारसं कुणी मोजत नव्हतं. समोर होता अमेरिकेचा जेफ लेसी. सिडनी ऑलिंपिक खेळलेला, व्यावसायिक लढतींत अपराजित, त्याच वजनगटातला दुसरा जगज्जेता. त्याची शरीरयष्टी आणि ठोशातली ताकद पाहून लोक त्याची माइक टायसनशी तुलना करत. सट्टेबाजांचा कौलही लेसीकडेच झुकलेला होता. त्यात कालझागीचा हात दुखावलेला. तो माघार घ्यायच्या बेतात होता. वडील एन्झो, जे त्याचे प्रशिक्षकही होते, त्यांनी त्याला रिंगमध्ये उतरायला लावलं.

पुढे जे झालं ते मी कित्येकदा पाहिलंय. बाराच्या बारा फेऱ्या एकतर्फी. कालझागीचे ठोसे एकामागून एक माळेसारखे येत राहिले. लेसीचा हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा ठोसा, सुटेपर्यंत कालझागी तिथून हललेला असायचा. बाराव्या फेरीत लेसी खाली पडला. एका पंचाने कालझागीला ११९-१०५ दिले, बाकी दोघांनी ११९-१०७.

आणि मग सूर बदलला. लेसी मुळात फुगवलेलाच होता म्हणे. मला याचा मनापासून राग येतो, कारण हे शहाणपण म्हणजे वरातीमागून आलेलं घोडं आहे. लेसीत काय कमी आहे हे आपल्याला कळलं कशामुळे? कालझागीने दाखवलं म्हणून. ज्याने पुरावा समोर ठेवला, त्याच्याच श्रेयाला आपण त्या पुराव्याने कात्री लावतो. आदल्या संध्याकाळी जे लेसीच्या बाजूने बोलत होते, त्यांचा चुकलेला अंदाज कालझागीने का भरून द्यायचा?

यावर लोक लेसीची पुढची कारकीर्द काढतात. २००८मध्ये तो जर्मेन टेलरकडून हरला, २००९मध्ये रॉय जोन्सकडून. म्हणजे तो पहिल्यापासूनच कच्चा होता, असा हिशेब. हा हिशेब उलटा आहे. त्या बारा फेऱ्यांनंतरचा लेसी आधीचा राहिलाच नव्हता. त्याच वर्षाअखेरीच्या लढतीत त्याचा खांदाही दुखावला. एवढा मार अंगात राहतो, त्याहून जास्त मनात राहतो. हरण्यानंतरच्या माणसाकडे बोट दाखवून हरण्याआधीचा माणूस मोजता येत नाही. कालझागीसमोर जो उभा होता तो अपराजित होता, आपण जिंकणारच अशी त्याची खात्री होती, आणि कालझागीला त्याच लेसीशी लढायचं होतं.

दुसरा एक युक्तिवाद मला थोडा वजनदार वाटतो. खोट सगळ्यांना दिसत होती, कुणीतरी कधीतरी हरवणारच होतं. ब्रिटनचा डावखुरा बॉक्सर प्रिन्स नसीम हमेद याच्याबद्दल हे फार बोललं गेलं. हात खाली सोडून लढायची त्याची सवय आणि पायांची बेफिकिरी कुणापासून लपलेली नव्हती. १९९७मध्ये न्यूयॉर्कला केविन केलीने त्याला खाली पाडून दाखवलंही होतं. पण त्याच रात्री चौथ्या फेरीत केलीच गारद झाला. खोट दिसणं एक, आणि समोरून तो डावा हात येत असताना तिचा फायदा उठवणं वेगळं. पस्तीस लढतींत ते कुणालाही जमलं नव्हतं. ७ एप्रिल २००१ला लास व्हेगासमध्ये मार्को अँतोनिओ बरेराला जमलं. बरेरा अंगावर धावून जाणारा लढवय्या म्हणून ओळखला जायचा. त्या रात्री त्याने स्वतःची ती ओढ बांधून ठेवली, हमेदच्या डाव्या हातापासून लांब फिरत राहिला आणि बारा फेऱ्या संयमाने खेळला. आपला स्वभाव मुरडून जिंकणं मला नॉकआउटपेक्षा अवघड वाटतं.

अर्थात नुसत्या आकड्यांचा फुगाही असतो. १९९५मध्ये टायसन तुरुंगातून सुटल्यावर त्याच्यापुढे पीटर मॅकनीलीला उभं केलं. ३६ विजय, एक हार. कागदावर भारदस्त, पण ते विजय कुणावर मिळवलेत हे जाणकारांना ठाऊक होतं. लढत ८९ सेकंदांत संपली. तिथे टायसनला मी काही श्रेय देत नाही, कारण मॅकनीली जिंकेल असं लढतीआधीही कुणाला वाटत नव्हतं. म्हणून घंटा वाजायच्या आधी लोक काय मानत होते, ते मी आधी बघते.

सगळ्यात जास्त अन्याय मात्र लॅरी होम्सवर झाला. ११ जून १९८२, पुन्हा लास व्हेगास. होम्स चार वर्षं हेवीवेट जगज्जेता. आव्हान देणारा जेरी कूनी, २५ लढती, सगळ्या जिंकलेल्या. कूनी गोरा होता आणि होम्स काळा, आणि प्रसिद्धीची सगळी भट्टी त्यावरच पेटवली गेली. कूनीने आदल्या वर्षी माजी जगज्जेता केन नॉर्टनला ५४ सेकंदांत झोपवलं होतं. नॉर्टन तेव्हा उतरणीला लागला होता हे खरं, आणि त्यानंतर कूनी तेरा महिने लढलाच नव्हता हेही खरं. तेराव्या फेरीत होम्सने त्याला संपवलं आणि कूनीवर फुगवलेला असा शिक्का बसला.

पण त्या रात्रीचे गुण बघा. कमरेखाली ठोसे मारल्याबद्दल कूनीचे तीन गुण कापले गेले. ते कापले नसते, तर बारा फेऱ्यांनंतर तीनपैकी दोन पंचांच्या कागदावर कूनी पुढे असता. म्हणजे ज्याला आपण पोकळ म्हणतो, त्याने जगातल्या सर्वोत्तम हेवीवेटला तिथवर ओढत नेलं होतं. त्या डाव्या हुकखाली उभं राहणं काय असतं हे होम्सला ठाऊक होतं. पुढे ते दोघे मित्र झाले.