३१ पाट

जुलै २०२१. चिपळूणच्या पंचनाम्यांसाठी बाहेरच्या तालुक्यांतून तलाठी मागवले, त्यात माझंही नाव आलं. २२ तारखेला वाशिष्ठी आणि शिव नदी बाजारपेठेत घुसली. मी पोचलो तेव्हा पाणी ओसरलं होतं, गाळ होता. शहरातली झेरॉक्सची दुकानं बुडालेली, म्हणून कोरे फॉर्म आम्ही येतानाच बांधून आणले होते. पंच म्हणून सह्या करायला येणाऱ्यांची स्वतःची घरंही चिखलात. याच्या पंचनाम्यावर त्याची सही, त्याच्यावर याची.

पंचनाम्यात डोळ्यांना दिसतं तेच लिहायचं असतं. त्यामुळे जी बाई रात्रंदिवस खपून घर धुऊन काढते, तिचं नुकसान कागदावर कमी भरतं. जो साहेबांची वाट बघत बसतो, त्याचं बरोबर नोंदलं जातं. हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण चालतो असाच.

तिसऱ्या दिवशी एका गणपतीच्या कारखान्यात गेलो. भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ कोरलेली होती, यंदाचा ओला पट्टा तिच्या हातभर वर. चतुर्थी १० सप्टेंबरला, म्हणजे शाडूच्या मूर्ती घडवून वाळत ठेवलेल्या. कॉम्प्रेसर आणि रबरी साचे कारखानदार काकांनी रात्रीच माळ्यावर चढवले होते. ओल्या मूर्ती कशा उचलणार? उचलली की हात तुटतो, सोंड गळते.

"किती होत्या?"

"एकशे चाळीस, साहेब."

खाली बघितलं तर घोटाभर चिखल. शाडू विरघळून नदीच्या गाळात मिसळलेला. काकांनी वाकून मूठभर उचलला, बोटांत चोळला आणि म्हणाले, "हा बघा, हा आपला." मलाही कळलं. गाळ खरखरीत होता आणि हा लोण्यासारखा. पण फोटोत दोन्ही चिखलच. मंडळ अधिकाऱ्यांना मोबाइलवर पाठवला, तर उत्तर आलं, "यात गणपती कुठायत?"

ऑर्डरची वही लगदा झाली होती. मग वहिनींनी मागच्या पडवीत नेलं. तिथे पाट रचून ठेवले होते. कोकणात गिऱ्हाईक आपला पाट आधी कारखान्यात आणून देतं, त्यावरच मूर्ती बसवून घरी नेतं. मागे ऑइलपेंटनं नाव आणि वाडी. पाण्यावर तरंगत गेलेल्यांतले जेवढे आसपास अडकले तेवढे त्यांनी गोळा केले होते. एकेक उलटून मी नावं लिहून घेतली. ३१ भरले. पंचांसमोर मोजले, फोटो काढला, आणि लिहिलं: "पाटांवरून खात्री होते त्या मूर्ती, संख्या ३१." दर काकांनी सांगितला सरासरी १,५००. रक्कम ४६,५००.

कारागिराच्या जुन्या निकषात टाकलं असतं तर मालाचे ४,१०० मिळाले असते. मी दुकानाच्या यादीत घातलं. २०१९ च्या पुरात दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५० हजार दिले होते. यंदाही तसंच येणार असा अंदाज होता, आणि आलंही. मतदार यादी, रेशनकार्ड सगळं तपासलं. स्वतःवर खूश होतो, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून जाताना एक पोरगा हातगाडीवर पाट घेऊन आला. कुठे कुठे अडकलेले, १४ नग. काका नावं वाचत होते, ओळखीचं नाव आलं की वहिनींना हाक मारत होते. मी थांबलो. डोक्यात हिशोब चालूच होता: ३१ चे ७५ टक्के ३४,८७५. ४५ झाले तर ५० हजारांची मर्यादा ओलांडते. पाटांच्या एका हातगाडीचा फरक १५,१२५ रुपये.

पुरवणी पंचनामा करता आला असता. पण पहिला सह्या होऊन तहसीलला गेला होता, पंचांतला एक जण बायकोला घेऊन डेरवणच्या दवाखान्यात होता, आणि माझ्या यादीत साठ घरं बाकी होती. काकांनी मागितलंही नाही. त्यांना एवढंच हवं होतं: "साहेब, गाडी जाते ना तुमची गावाकडं? वाटेतल्या वाड्यांचे चार पाट पोचवाल? लोक विचारत असतील."

३ ऑगस्टला सरकारनं ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यातले ७,००० कोटी पुन्हा पूर येऊ नये यासाठीच्या कामांना. मी तेव्हा माझ्या सजात, म्हणजे माझ्याकडच्या गावांत, परत आलो होतो. वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून चिपळूणकरांना डिसेंबरात उपोषणाला बसावं लागलं, तेव्हा कुठे यंत्रं नदीत उतरली.

चारपैकी तीन पाट पोचवले. चौथ्याचं नाव अर्धं पुसलेलं, 'वाडी' तेवढं वाचता येतं. तो अजून माझ्या माळ्यावर आहे.