'माउल' म्हणजे तोंड नव्हे

रेशीम उद्योगावरच्या एका जर्मन पुस्तिकेचा मराठी मसुदा तपासायला आला होता. त्यात 'माउलबेअरश्पिनर' या शब्दापुढे लिहिलं होतं, 'तोंडाने सूत कातणारा किडा'. ही चूक सहज निसटली असती. 'माउल' म्हणजे जनावराचं तोंड, 'श्पिनर' म्हणजे कातणारा, आणि रेशमाची अळी धागा खरोखरच तोंडाखालून सोडते. अडलं ते मधल्या 'बेअर'पाशी. हा 'बेरे', म्हणजे लहान रसाळ फळ. त्याची दखल मसुद्यात कुठेच नव्हती.

जर्मन जोडशब्द शेवटाकडून सोडवावा. शेवटचं पद मुख्य, शब्दाचं लिंगही त्याचंच. मग फोड होते 'माउलबेरे' आणि 'श्पिनर'. माउलबेरे म्हणजे तुती.

आता या 'माउल'चं मूळ. लॅटिनमध्ये तुतीचं फळ 'मोरुम'. जर्मन बोलणाऱ्यांनी ते उचललं आणि त्याला आपला 'बेरी' जोडला: 'मोरबेरी', 'मूरबेरी'. एकाच शब्दातले दोन 'र' जिभेला जड गेले, पहिल्याचा 'ल' झाला. पुढे जर्मनमध्ये दीर्घ 'ऊ'चा 'आउ' झाला, जसं 'हूस'चं 'हाउस'. त्यात तोंडाचा 'मूल' आणि तुतीचा 'मूल' दोन्ही 'माउल' होऊन बसले. खेचराच्या 'माउलटीअर'मधला 'माउल' तर तिसराच, लॅटिन 'मूलुस'वरून आलेला. म्हणून पहिल्या पदाचा अर्थ आजच्या कोशात न शोधता शब्दाचं सर्वांत जुनं रूप काढून बघावं, शेजारची भाषाही बघावी. डच 'मूरबेइ'त तो 'र' अजून शाबूत आहे.

ही 'र'ची वाट आपल्या चांगल्या ओळखीची आहे. दोन 'र' असलेल्या 'हरिद्रा'ची प्राकृतात 'हलिद्दा' झाली आणि मराठीत हळद. 'दरिद्र'चं दळिद्र तसंच. हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात त्यासाठी सूत्रच दिलंय: 'हरिद्रादौ लः', म्हणजे हरिद्रा वगैरे शब्दांत 'र'चा 'ल'.

खरं तर उत्तर मूळ पानावर त्याच ओळीत होतं. शब्दाशेजारी किड्याचं शास्त्रीय नाव छापलेलं, 'बॉम्बिक्स मोरी'. 'मोरी' म्हणजे तुतीचा. मसुद्यात ते अनावश्यक समजून गाळलं होतं. वनस्पती-प्राण्यांची लॅटिन नावं अनुवादात कधीही गाळू नयेत, पडताळा तिथेच मिळतो.

दुरुस्ती केली, 'तुतीवरचा रेशीमकिडा'. 'बेरे'साठी मात्र तळटीप द्यावी लागली. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तुती हे एका फुलाचं फळ नाही. घोसातला एकेक दाणा वेगळ्या फुलाचा असतो, आणि आपण खातो तो गर त्या फुलांच्या पाकळ्यांसारख्या दलांचा, जी फळ धरल्यावर फुगून रसाळ होतात.