अवघड परीक्षा की अवघड गाडी?

वाहन चालवण्याचा विषय निघाला की आमच्या वयाची माणसे हमखास सांगतात, 'आमच्या वेळी लायसन्स असे सहज मिळत नसे.' मला हे फारसे पटत नाही. माझ्या आठवणीत अवघड असे ती गाडी. प्रीमियर पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालगत असे, पॉवर स्टिअरिंगचा पत्ता नसे आणि केम्प्स कॉर्नरहून पेडर रोडचा चढ चढताना हाफ क्लच साधला नाही, तर गाडी मागच्या टॅक्सीला टेकणार हे ठरलेले असे. हा धाक चाचणी घेणाऱ्या इन्स्पेक्टर साहेबांपेक्षा यंत्राचाच अधिक होता. ऑटोमॅटिक गाडीत तो संपला, आणि चाचणीने त्याची जागा घेतली असे काही झालेले नाही.

कागदावरची चाचणी मात्र मुळीच लेचीपेची नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील पंधरावा नियम सवडीने वाचण्यासारखा आहे. तीव्र चढावर गाडी थांबवून तसूभरही मागे न घसरता पुन्हा काढणे, उतारावर चटकन खालच्या गिअरमध्ये येणे, इशारा देण्यापूर्वी आरसा पाहणे, मर्यादित जागेत रिव्हर्स घेणे, स्वतः ओव्हरटेक करणे आणि दुसऱ्याला करू देणे, हे सारे उमेदवाराने करून दाखवावे अशी त्यात अपेक्षा आहे. (दुसऱ्याला पुढे जाऊ देण्याची परीक्षा मुंबईत खरोखर घेतली, तर निकाल काय लागेल याची कल्पनाच केलेली बरी.)

प्रत्यक्षात मी पाहिलेली चाचणी वेगळी होती. मैदानाच्या कडेला ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्यांची रांग लागलेली, प्रत्येक गाडीत उमेदवाराशेजारी शिकवणारे सर, आणि ड्युअल कंट्रोलमुळे ब्रेक व क्लच त्यांच्याही पायाखाली. एक उमेदवार मुलगी पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात गेली, वळली, थांबली आणि उतरली. गाडी बंद पडली नाही याचे श्रेय कोणाच्या पायाला द्यावे, हे सांगणे कठीण होते. लर्निंग लायसन्सची संगणकीय परीक्षा तर २०२१ पासून आधारच्या साहाय्याने घरबसल्या देता येते. हेलपाटे वाचले हे चांगलेच झाले, परंतु पडद्यावरच्या चिन्हांची नावे ओळखता आली म्हणजे उभ्या बसच्या आडून माणूस येईल हे ओळखता येते, असे नाही. ब्रिटनमध्ये २००२ पासून लेखी परीक्षेला धोका ओळखण्याची चाचणी जोडलेली आहे; रस्त्याची चित्रफीत पाहता पाहता, धोका आकार घेऊ लागताच उमेदवाराने क्लिक करायचे असते. आपल्याला कठोरपणापेक्षा अशा नेमकेपणाची गरज अधिक आहे. नुसता चाचणीचा ट्रॅक अरुंद केला, तर क्लासवाले तो ट्रॅक तेवढा घोटून घेतील.

दुसरी विसंगती गिअरची. दुचाकीच्या लायसन्समध्ये कायदा गिअर असलेली आणि नसलेली असा भेद करतो. मोटारीच्या बाबतीत करत नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर चाचणी दिलेल्याला गिअरची मोटार चालवता येत नाही. आपल्याकडे उलटी अडचणही आहे, कारण गिअरवर हात बसलेल्या चालकाला विजेवरच्या गाडीचा तत्काळ उसळणारा वेग नवा असतो. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याला बेस्टच्या विजेवरच्या बसचा भीषण अपघात झाला, तेव्हा चालकांना मिळणाऱ्या प्रशिक्षणाची बरीच चर्चा झाली. खाजगी मोटारींच्या चालकांबद्दल हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

नूतनीकरणाच्या वेळीही तो विचारला जात नाही. तिशीच्या आत काढलेले लायसन्स आता चाळिशीपर्यंत चालते. त्यानंतर वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, मात्र मुदत उलटून वर्ष झाले नसेल तर गाडी चालवून दाखवावी लागत नाही. त्यामुळे पद्मिनीवर चाचणी दिलेला गृहस्थ आज विजेवरची मोटार घेऊन ताशी १०० किलोमीटरच्या मर्यादेत अटल सेतूवरून कायदेशीरपणे जाऊ शकतो, आणि मधल्या काळात त्याचे ड्रायव्हिंग कोणीही तपासलेले नसते.