बाबांची बुलेट ब्रिटनला नेली तेव्हा

मोटरसायकल परदेशी न्यायची म्हटलं की लोक पहिल्यांदा जहाजाचं भाडं विचारतात. मी सांगतो, आधी आरसीवर नाव कोणाचं आहे ते बघा.

नोकरीसाठी पुण्याहून ब्रिटनला कायमचं यायचं ठरलं आणि बाबांची नोव्हेंबर २०११ ची बुलेट ३५० बरोबर न्यायची, हेही तेव्हाच ठरलं. ब्रिटनमध्येच दुसरी गाडी घेणं स्वस्त पडलं असतं, मान्य. पण ती विकणं माझ्याच्याने होणार नव्हतं. बाबा गेले तरी गाडी त्यांच्याच नावावर होती, म्हणून वारस या नात्याने फॉर्म ३१ भरून ती माझ्या नावावर करून घेतली. हे निघण्याच्या बरंच आधी करायला हवं. ब्रिटनला राहायला येणाऱ्याला ‘ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स’ नावाची सवलत मिळते, त्यात आयात शुल्क आणि २० टक्के व्हॅट दोन्ही माफ होतं. अट अशी की तुम्ही आधी सलग १२ महिने ब्रिटनबाहेर राहिलेले असावेत आणि गाडी किमान ६ महिने तुमच्या मालकीची आणि वापरातली असावी. अर्ज तिथल्या कर खात्याकडे, म्हणजे एचएमआरसीकडे, ऑनलाइन होतो. मंजुरीचा क्रमांक हातात आल्याशिवाय गाडी हलवू नका.

आरटीओची एनओसी काढताना थकलेली चलनं भरली आणि गाडी चोरीची नसल्याचा एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, दाखला जोडला. चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंटही लागते. हँडलच्या मानेवरचा ऑइल-धुळीचा थर रॉकेलच्या फडक्याने पुसला, पातळ कागद घट्ट धरला आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासली. एकेक अक्षर कागदावर उठत गेलं. ते आरसीशी, विम्याशी, इनव्हॉइसशी ताडून बघा. एखादा शून्य कुठे इंग्रजी ‘ओ’ झाला असेल तर तो भारतातच दुरुस्त करून घ्या. पुढे दोन्ही देशांत प्रत्येक टेबलावर गाडी याच नंबराने ओळखली जाते.

काही जणांनी कार्नेट नावाचं कागदपत्र काढायला सांगितलं होतं. कार्नेट फिरून परत आणायच्या गाडीसाठी असतं. कायमच्या नेण्याशी त्याचा संबंध नाही.

न्हावा शेवाला गाडी पाठवण्याआधी टाकी पूर्ण रिकामी केली आणि बॅटरीची टर्मिनल्स सोडवली, कारण जहाजावर मोटरसायकल धोकादायक मालात, नवव्या वर्गात, मोजली जाते. पूर्ण कंटेनर परवडत नाही, म्हणून इतरांच्या मालाबरोबर जागा घ्यायची आणि भाडं घनमीटरवर द्यायचं. त्यासाठी पुढचं चाक, हँडल, आरसे काढून पेटी जमेल तेवढी बुटकी केली. पेटीच्या फळ्यांवर गव्हाच्या ओंबीसारखी खूण आणि ‘आयएन’, ‘एचटी’ ही अक्षरं आहेत का, ते स्वतः बघून घेतलं. लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केल्याचा तो शिक्का आहे. तो नसेल तर पेटी पलीकडच्या बंदरात अडकू शकते.

दर विचारताना मात्र सावध राहा. मला एका एजंटाने भाडं आश्चर्य वाटावं इतकं कमी सांगितलं. पलीकडची हाताळणी, गोदाम, कागदपत्रं असं सगळं लेखी मागितल्यावर कळलं, की भाड्यापेक्षा तेच जास्त होतं. त्याला नमस्कार केला आणि दोन्ही टोकांचा खर्च एका कागदावर लिहून देणाऱ्याला काम दिलं.

ब्रिटनच्या फेलिक्स्टो बंदरात गाडी उतरल्यावर १४ दिवसांत एचएमआरसीला ‘नोव्हा’ ही आगमनाची सूचना द्यावी लागते. ती नोंद नसेल तर डीव्हीएलए, म्हणजे तिथलं वाहन नोंदणी खातं, नोंदणीला हातच लावत नाही. गाडी दहा वर्षांहून जुनी असल्याने वेगळी मान्यता-चाचणी लागली नाही. नव्या गाडीला हे मोठं खर्चिक प्रकरण ठरतं. दोन्हीकडे वाहतूक डावीकडून, त्यामुळे हेडलाइटचा झोत बदलायचा नव्हता. स्पीडोमीटर किलोमीटरचा होता, त्यावर मैलांचे आकडे असलेली तबकडी बसवली. मग विमा आणि एमओटी ही गाडीची सक्तीची तपासणी, दोन्ही चेसिस नंबरवर.

व्ही ५५/५ हा फॉर्म, एमओटी, ५५ पौंड नोंदणी शुल्क, रोड टॅक्स आणि मूळ आरसी असं सगळं पाकिटात घालून स्वान्सीला, डीव्हीएलएकडे, पाठवलं. आरसी परत मिळत नाही. तिच्या दोन्ही बाजूंच्या रंगीत प्रती आधी काढून ठेवल्या, तरी पाकीट बंद करताना जीव खालीवर झाला. गाडीचं वय तिच्यावरूनच ठरतं; पुरावा नसेल तर ‘क्यू’ने सुरू होणारा नंबर माथी बसतो. माझ्या नंबरात ६१ आलं, म्हणजे सप्टेंबर २०११ ते फेब्रुवारी २०१२ मधली गाडी. लॉगबुक, म्हणजे तिथलं नोंदणीपत्र, आलं तेव्हा आधी त्यावरचा चेसिस नंबर त्या पेन्सिल प्रिंटशी ताडला, मग पाटी करून घेतली. मोटरसायकलला पाटी फक्त मागे लागते.

सवलत घेतल्यामुळे १२ महिने गाडी विकता, भाड्याने किंवा उसनीही देता येत नाही. भारतीय लायसन्सही इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं आणि ते बदलून मिळत नाही. तेव्हा आता माझी परीक्षा. त्याआधीच्या सक्तीच्या प्राथमिक प्रशिक्षणाची, सीबीटीची, तारीख घेतली आहे.